काळजातल्या नांग्या



पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले की आपण शेतातून एक फेरी मारतो. कुठे बी उगवलेले नसते, कुठे पाखरांनी टिपलेले असते, कुठे किडीने खाल्लेले असते. तासात मध्येच नांग्या पडलेल्या दिसतात. मग ओंजळभर बी आणि खुरपे घेऊन घरातली माणसे नांग्या भरायला निघतात. हे काम वेळेत झाले तर पीक सारखे येते. उशीर झाला तर मागाहून लावलेले रोप शेजारच्या रोपाच्या सावलीत खुरटते. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आज याची आठवण काढली ती एका पत्रामुळे. आमच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे की, गेल्या सुगीत एका रात्री तिच्या मालकांच्या छातीत दाटून आले. घाम सुटला. पित्त असेल म्हणून ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली आणि रात्र काढली. सकाळी धारा काढून, दूध डेअरीला घालून मग दवाखान्याची वाट धरली. पोचेपर्यंत दुपार झाली. जीव वाचला, पण डॉक्टरांनी सांगितले की हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला आहे आणि तो काही परत यायचा नाही. तेव्हापासून माणूस बांधापर्यंत चालला तरी धापा टाकतो.

आता एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेले की, शहरात मूळपेशींचे इंजेक्शन देऊन हृदय नवे करतात, काही लाख रुपये लागतील. भगिनी विचारते : "प्रयोगशाळेत हृदयाचा स्नायू वाढवतात असे वर्तमानपत्रात आले होते, ते खरे का? शेतात भरतो तशी काळजातली नांगी भरता येते का? आणि त्यासाठी रस्त्याकडेचा अर्धा एकर विकावा का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अर्धा एकर विकू नका. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, ते खरे आहे. प्रयोगशाळेत हृदयाचा स्नायू वाढतो, धडधडतोही. मग विकू नका असे का म्हणतो? ते समजण्यासाठी हे पीक कुठे, कसे आणि किती पिकते, हे नीट पाहिले पाहिजे. बाकीच्या वाचकांनीही हे वाचावे, कारण असे गृहस्थ एकाच घरी जाऊन थांबत नाहीत.

हृदयाला फुटवा येत नाही

आपले हृदय आपल्याच मुठीएवढे. मोठ्या माणसाच्या हृदयाचे वजन साधारण पाव किलोच्या थोडे वर असते. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याला रविवार नाही की अमावास्येची सुट्टी नाही. हे काम करतात त्याच्या स्नायूच्या पेशी. सगळ्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या डाव्या कप्प्यात अशा काही शे कोटी पेशी असतात.

ऊस तोडला की खोडव्याला फुटवे येतात. बोट कापले की चार दिवसांत कातडी भरून येते. यकृताचा तुकडा काढला तरी ते पुन्हा वाढते. हृदयाच्या स्नायूला मात्र असा फुटवा येत नाही. हृदयालाच रक्त पुरवणारी नळी गुठळी होऊन बंद पडली, की पाट फुटल्यावर टोकाचा वाफा सुकावा तसा तिच्या पुढचा स्नायू सुकतो. मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. त्या जागी वण तयार होतो. वण चिवट असतो, हृदय फाटू देत नाही, पण तो ओढत नाही. जोडीतला एक बैल लंगडा झाला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो आणि मग तोही थकतो. उरलेल्या स्नायूचे तसेच होते. धाप लागते ती यामुळे.

हृदयाच्या पेशी मुळीच नव्या होत नाहीत का? याचे उत्तर मिळाले ते मोठ्या विलक्षण रीतीने. १९५० नंतरच्या काळात बड्या राष्ट्रांनी उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत एका विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला. १९६३ च्या करारानंतर अशा बहुतेक चाचण्या थांबल्या आणि तो हळूहळू कमी होत गेला. पिकांनी तो हवेतून घेतला, पिकांतून आणि दुधातून तो माणसांत आला. म्हणजे ज्या वर्षी पेशी तयार झाली, त्या वर्षीचा शिक्का तिच्यावर बसला. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या माणसांच्या हृदयातले हे शिक्के वाचले आणि २००९ साली हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला शंभरातली एक पेशी नवी होते. पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्याहून कमी होते. नांग्या भरण्याची शक्ती आहे, पण ती अशी थेंबाथेंबाने. मोठी नांगी तिला भरत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला : जागेवर फुटवा येत नसेल, तर बाहेर रोपे तयार करता येतील का?

सुरुवात अंड्यापासून

घरात कोंबडी खुडूक बसते त्या अंड्यांकडे पाहा. उबवणीच्या दुसऱ्या दिवशीच पिल्लाच्या जागी हृदयाचे स्पंदन सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडे फोडून पाहिले तर लाल ठिपका उडताना डोळ्यांना दिसतो. अजून पिल्लाला चोच नाही, पंख नाही, पण काळीज कामाला लागलेले असते.

१९१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल या शस्त्रवैद्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा बारीकसा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला आणि त्याला पोषक द्रव घालत गेले. सुरुवातीला तो तुकडा उडतही होता. पुढे त्याचे उडणे थांबले, पण पेशी वाढत राहिल्या. त्याच वर्षी कॅरेलना रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यामुळे "कोंबडीचे अमर हृदय" म्हणून जगभर गवगवा झाला. १९४४ मध्ये कॅरेल वारले. पेशी मात्र १९४६ पर्यंत सांभाळल्या गेल्या.

पण १९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले की, साध्या पेशी काही ठरावीक वेळाच दुभंगतात, मग थांबतात. मग कॅरेलच्या पेशी चौतीस वर्षे कशा वाढल्या? पुष्कळांचे मत असे पडले की, पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या रसातूनच नव्या पेशी भांड्यात पडत असाव्यात. म्हणजे नांग्या आपोआप भरत नव्हत्या, पाण्याबरोबर बी येत होते! नोबेल मिळवलेल्या माणसाचा दावादेखील दुसऱ्याने तपासावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिची गरज पडणार आहे.

सुट्या पेशी जगवणे वेगळे आणि त्यांचा ओढणारा स्नायू बनवणे वेगळे. सुटे धागे म्हणजे काही कापड नव्हे. पेशींच्या विणलेल्या कापडाला शास्त्रात ऊती म्हणतात. ते कापड जमले १९९७ साली. जर्मनीतील हॅम्बुर्गचे थॉमस एशेनहागेन, अमेरिकेतील इलियट एल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयपेशी घेतल्या. कातडीत आणि हाडांत असते तसल्या चिकट कोलॅजनमध्ये त्या कालवल्या आणि तो लगदा दोन काचेच्या नळ्यांच्या मध्ये ओतला. नळ्यांना व्हेलक्रो लावले होते. चपलेचा पट्टा चिकटवायला खरखरीत पट्टी असते ना, तेच. लगद्याने त्या काट्यांना धरले, तो ताणला गेला आणि काही दिवसांनी सगळा पट्टा एकसाथ आकुंचन पावू लागला. अंबाडीचा दोर वळताना दोन्ही टोके ताणून धरावी लागतात, ढिला सोडला तर गुंता होतो. पेशींनाही रांगेत यायला असा ताण लागतो, हे त्यात कळले.

माणसाचे बी कुठून आणायचे?

कोंबडीचे जमले, पण माणसाच्या धडधडत्या हृदयातून पेशी कोण काढू देणार? ही अडचण जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी सोडवली. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींत त्यांनी फक्त चार जनुके घातली आणि त्या पेशींना मागे, अगदी गर्भातल्या अवस्थेपर्यंत नेले. जून झालेल्या खोडाचे पुन्हा बी व्हावे असाच हा प्रकार. अशा पेशीपासून शरीराची कोणतीही पेशी बनू शकते. म्हणून तिला मूळपेशी म्हणायचे. २०१२ मध्ये यामानाकांना इंग्लंडच्या जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

बी मिळाले, आता त्यातून हृदयच कसे उगवायचे? संत्र्याच्या बागेला आपण आधी पाणी तोडून ताण देतो आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडतो, तेव्हा बहार फुटतो. दिवस चुकला की बहार चुकला. इथेही तसेच आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, मूळपेशींना पहिल्या दिवशी एक रसायन देऊन एक संदेश चेतवायचा आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दुसरे रसायन देऊन तोच संदेश दाबायचा. एवढे दिवस पाळले की आठ ते बारा दिवसांत भांड्याच्या तळाशी पेशी उडू लागतात. कातडीची पेशी होती, ती आता काळजाची झाली!

पिकात तण येते तसे यातही येते. काही पेशी हृदयाच्या न होता भलत्याच होतात. त्यांची खुरपणीही मोठी गमतीची आहे. टोकियोच्या केयो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक युक्ती मांडली. भांड्यातली साखर काढून घ्यायची आणि तिच्या जागी लॅक्टेट द्यायचे. दह्याच्या आंबटपणाशी ज्याचे नाते आहे, तेच हे. हृदयाच्या पेशी त्यावर जगू शकतात. बाकीच्या उपाशी मरतात. खुरपे न लावता तण साफ!

पट्टा कसा ओततात

हॅम्बुर्गमध्ये आता रुळलेली रीत सांगतो. एक लहानसा साचा करतात, तो समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या जेलीचा. तुमच्या घरात चायना ग्रास आणले असेल तर ही त्याचीच सख्खी बहीण. साच्याच्या खाचेत वरून दोन लवचिक सिलिकोनच्या खुंट्या सोडतात. मग सुमारे दहा लाख पेशी, दोन थेंब भरतील एवढ्या द्रवात कालवून खाचेत ओततात. त्या द्रवात रक्त गोठवणारी दोन द्रव्ये असतात. बोट कापल्यावर रक्त थिजते ते त्यांच्यामुळेच. विरजण लावलेल्या दुधासारखे ते मिश्रण एक-दोन तासांत घट्ट होते आणि खुंट्यांना धरून बसते. मग खुंट्यांसकट तो पट्टा उचलायचा आणि पोषक द्रवात ठेवायचा. दिसायला तो शेवईच्या तुकड्याएवढा, सेंटिमीटरभराचा.

त्याला माणसाच्या अंगाएवढी, म्हणजे ३७ अंश सेल्सियसची ऊब देतात. त्या पेटीला उबवणी यंत्रच म्हणायचे. द्रव आठवड्यातून तीनदा बदलतात. अनेक ठिकाणी त्यात घोड्याचे किंवा गुरांचे रक्तजल घालतात. रोग्यासाठी करायच्या पट्ट्यांत ते वगळण्याच्या रीती आता निघाल्या आहेत. एक जंतू शिरला की सगळे पीक वाया, म्हणून स्वच्छता सोवळ्याहून कडक.

पहिले काही दिवस पेशी आपापल्या चालीने उडतात. गावच्या लेझीम पथकाचा पहिला दिवस आठवा, ज्याची लेझीम त्याच्या तालावर. मग पेशी एकमेकींना धरतात, विजेचे इशारे देऊ-घेऊ लागतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत सगळा पट्टा एका तालात आकुंचतो. प्रत्येक ठोक्याला खुंट्या आत वाकतात. किती वाकल्या ते कॅमेरा टिपतो आणि त्यावरून पट्ट्याचे बळ काढतात. सांगणारा गुरुजी नसतो, ढोलकी नसते, तरी ताल जमतो. शास्त्रज्ञदेखील पहिल्यांदा पाहताना गप्प होत असतील!

एक उणीव मात्र आहे. हा स्नायू वयाने मोठ्या माणसाचा नसतो, गर्भातल्या बाळासारखा कोवळा असतो. त्यावर उपायही आपल्या ओळखीचा आहे. गोऱ्ह्याला एकदम नांगराला जुंपत नाहीत. आधी हलके लाकूड ओढायला लावतात आणि मग भार वाढवत नेतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०१८ मध्ये असेच केले. कोवळ्या पट्ट्यांना विजेचे हलके इशारे देऊन आधी सेकंदाला दोन ठोके द्यायला लावले आणि रोज थोडे वाढवत दोन आठवड्यांत सहा ठोक्यांपर्यंत नेले. चार आठवड्यांत ते पट्टे पुष्कळ जाणते झाले. याउलट, काम नसले की काय होते तेही पाहिले गेले. २०२० मध्ये असे ४८ नमुने अंतराळ स्थानकावर तीस दिवस ठेवले होते. भाररहित अवस्थेत त्यांचे बळ पृथ्वीवर ठेवलेल्या जोडीदारांच्या निम्म्यावर आले आणि ठोक्यांचा तालही बिघडला.

आज याचा उपयोग काय?

मंडळी, आज या पिकाचा मोठा भाग रोग्याच्या छातीत जात नाही. तो औषधे तपासायला आणि रोग समजून घ्यायला जातो. हे ऐकून हिरमुसू नका, कारण हे काम लहान नाही.

टर्फेनाडिन नावाचे ॲलर्जीचे औषध होते. शिंका, नाक गळणे यासाठी जगभर लोक ते घेत. पण काही लोकांत, विशेषतः दुसऱ्या काही औषधांबरोबर घेतल्यास, त्याने हृदयाचा ताल बिघडत असे आणि त्यातून मृत्यूही ओढवले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते गेले. नाकाचे औषध आणि घाव काळजावर! आधी माणसाने घ्यायचे आणि मग कळायचे, हा किती महाग धडा. आता नवे औषध शेवईएवढ्या पट्ट्यावर घालून पाहता येते. ताल चुकला, बळ घटले, तर माणसाच्या पोटात जाण्याआधी समजते.

दुसरे उदाहरण कर्करोगाच्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचे. औषध गुणाचे आहे, पण काही रोग्यांचे हृदय त्याने दुबळे होते, काहींचे होत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगावर हे औषध घेतलेल्या दोन्ही तऱ्हेच्या स्त्रियांच्या पेशींपासून हृदयपेशी बनवल्या. ज्यांच्या हृदयाला इजा झाली होती, त्यांच्या पेशी भांड्यातही त्या औषधाने लवकर मोडल्या. एकच खत दोन जमिनींना वेगळे लागू पडते, तसेच हे. उद्या औषध देण्याआधीच जमीन तपासता यावी, या दिशेने हे पाऊल आहे.

तिसरे, घराण्यात येणारे हृदयरोग. याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आपल्या भारतीय उपखंडात शंभरात सुमारे चार लोकांत हृदयस्नायूच्या एका जनुकाचा लहानसा तुकडा गळलेला असतो आणि अशा लोकांत पुढे स्नायू दुबळा होण्याचा धोका जास्त असतो. सगळ्यांनाच रोग होतो असे नाही. अशा दोषांचे पट्टे प्रयोगशाळेत वाढवून तिथे नेमके काय बिघडते हे पाहता येते. जिवंत माणसाच्या छातीत डोकावून ते दिसत नाही.

आणि नांगी भरण्याचे काय?

ताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तेही काम सुरू झाले आहे. जर्मनीतील ग्योटिंगेनचे वोल्फ्राम-हुबर्टुस त्सिमरमान हे या कामात पहिल्यापासून आहेत. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्या उंदरांच्या हृदयावर असे पट्टे शिवून पाहिले. पुढे माकडांवर पाहिले. मग कडक देखरेखीखाली, हृदय फार दुबळे झालेल्या थोड्या रोग्यांवर प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यात एका ४६ वर्षांच्या स्त्रीची गोष्ट आहे. तिच्या हृदयावर सुमारे ४० कोटी पेशींचे ठिगळ शिवले होते. तीन महिन्यांनी तिला दुसऱ्याचे हृदय मिळाले आणि काढलेले जुने हृदय तपासता आले. ठिगळ जिवंत होते आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. रोप लागले होते!

पण हिशेब नीट मांडू या. शंभर कोटींच्या घरातल्या नांगीला ४० कोटींचे ठिगळ. तेही आपल्या स्वतःच्या पेशींचे नव्हते, दुसऱ्याच्या पेशींपासून वाढवलेले होते. म्हणून ते शरीराने टाकून देऊ नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. नवे पीक जुन्या पिकाशी एका तालात आले नाही तर ठोका बिघडण्याची भीती. जाड पट्टा करायचा तर आतवर रक्ताचे पाट हवेत, कारण पाटापासून केसाच्या जाडीच्या दुपटीएवढ्या अंतरापलीकडची पेशी प्राणवायूविना मरते. अख्खे हृदय वाढवणे तर फारच दूर. जपानमध्ये ओसाकाचे डॉक्टर योशिकी सावा यांनी जानेवारी २०२० मध्ये मूळपेशींपासून केलेले पातळ पापुद्रे एका रोग्याच्या हृदयावर लावले. तेही प्रयोग म्हणूनच.

आता घरी आलेल्या त्या गृहस्थांकडे वळू. ते म्हणाले "इंजेक्शन". वर सांगितलेल्या पट्ट्याला किती आठवडे, किती माणसे, किती तपासण्या लागतात ते तुम्ही वाचलेत. ते सारे एका सुईत कसे मावेल? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, रक्ताच्या काही रोगांवर करतात ते अस्थिमज्जेचे रोपण सोडले तर मूळपेशींचा वापर मान्य उपचार म्हणून करू नये, तो मंजूर प्रयोगातच व्हावा. आणि खऱ्या प्रयोगात रोग्याकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. म्हणून पुन्हा कोणी आले तर तीनच प्रश्न विचारा. हा मान्य उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर सरकारी नोंदणी क्रमांक दाखवा. आणि प्रयोग असेल तर पैसे कसले? बहुधा चहा न घेताच ते उठतील. नोबेलवाल्यांचा दावाही तपासावा लागला, मग यांचा का नको?

आपल्या हातात काय आहे

मालकांसाठी आज मिळणारे उपचार खरे आहेत, दिसायला साधे असले तरी. हृदयाचा भार हलका करणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत आणि त्यांनी आयुष्य वाढते हे तपासून सिद्ध झाले आहे. बरे वाटू लागले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. मीठ बेताचे, तंबाखू-बिडी कायमची बंद, वजन रोज पाहावे. दोन-तीन दिवसांत ते एकदम वाढले किंवा पाय सुजले तर डॉक्टरांना दाखवावे. किती चालायचे तेही त्यांनाच विचारावे. खर्चाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याची चौकशी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी करावी. जमिनीचा विचार त्यानंतर.

आणि बाकीच्या सगळ्यांसाठी एक गोष्ट. ज्या नांग्या भरायला जगातले शहाणे लोक शंभर वर्षे झटत आहेत, त्या मुळात पडू न देणे पुष्कळदा आपल्या हातात असते. नळी बंद पडल्यावर सगळा स्नायू एकदम मरत नाही. अर्ध्या तासाच्या आत मरू लागतो आणि पुढचे काही तास मरत जातो. तेवढ्या वेळात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले किंवा नळी उघडली तर पुष्कळसे पीक वाचते. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, थंड घाम, दम लागणे, यांतले काही झाले तर रात्र काढू नका. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा किंवा दम लागूनही झटका येतो. पित्त असेल तर असो. डॉक्टरांनी हसून घरी पाठवले तर त्यात काही कमीपणा नाही. १०८ ला फोन करा. माणसाला चालत किंवा गाडी हाकत नेऊ नका. दूध डेअरीला शेजारीही घालील.

आमच्या भगिनीच्या घरात ती एक रात्र गेली. तिला दोष देऊ नये. ज्याला कोणी सांगितले नाही, त्याला कसे कळावे? तिने पत्र लिहिले म्हणून आज हे तुमच्यापर्यंत पोचले. आता तुम्ही हे ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, चावडीवर सांगा, दुधाच्या रांगेत सांगा. ग्योटिंगेनच्या रोपवाटिकेतली रोपे आपल्या तालुक्यापर्यंत यायला वेळ आहे. ती येतील तेव्हा या पानावर जरूर लिहीन. तोवर उभे पीक राखायचे.

ताई, मालकांची तब्येत कशी आहे ते कळवा. आणि अर्ध्या एकरात यंदा काय पेरले, तेही लिहा.